यंत्राची नोंद आणि तिचा भरवसा

(शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायतींचे सभासद यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय माझ्या वाट्याला आला तेव्हा मी प्रथम संकोचलो. कारखाने, पाणीपुरवठा केंद्रे आणि वीजकेंद्रे यांच्यावर देखरेख करणाऱ्या संगणकांत एकाच वेळी अनेक आज्ञावल्या चालू असतात. त्या आपल्याजवळची माहिती एकमेकींस कशी देतात, हा तो विषय. मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्राशी माझा संबंध वृत्तांत लिहिण्यापुरता. तथापि थोडा विचार करता माझ्या असे ध्यानात आले की, या विषयाच्या मुळाशी असलेले प्रश्न माझ्या कचेरीतील मेजावर रोजच येऊन पडतात. अमुक माहिती कोणी दिली, ती केव्हाची आहे, आणि तिच्यावर किती विसंबावे, हे ते तीन प्रश्न होत. बातमीच्या बाबतीत ते विचारल्यावाचून आम्ही मजकूर पुढे जाऊ देत नाही. यंत्रांनीही ते एकमेकांस विचारावेत, अशी व्यवस्था लावण्यासाठी अभियंत्यांना बरीच वर्षे खटपट करावी लागली. त्या खटपटीची हकिगत आज आपणांस सांगावयाची आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी एका पाणीपुरवठा योजनेचा वृत्तांत लिहिण्यासाठी मी गेलो होतो. योजना नवी होती. कचेरीत भिंतीएवढा पडदा होता आणि त्यावर निळ्या रंगात उंच टाकीचे चित्र होते. टाकीत ३.८ मीटर पाणी असल्याचे त्या चित्राशेजारी लिहिलेले होते. तेथील लिपिकाच्या संगणकावर दैनिक अहवालाचा तक्ता होता, त्यातही ३.८ हाच आकडा होता. वरिष्ठ कचेरीस जाणाऱ्या गोषवाऱ्यातही तोच होता. मी तो टिपून घेतला आणि बाहेर आलो, तो फाटकाशी पंधरावीस बाया रिकाम्या कळश्या घेऊन उभ्या. पहाटेपासून नळाला थेंब नाही, असे त्या सांगत होत्या. आत म्हणत होते, टाकी भरलेली आहे.

अखेर पाणी सोडणारा कर्मचारी शिडीने टाकीवर चढला आणि वरूनच ओरडला, "साहेब, तळ दिसतोय."

आदल्या दिवशी सायंकाळी रस्त्याच्या खोदकामात पातळीमापकाची तार तुटली होती. देखरेखीच्या आज्ञावलीने अखेरचा आलेला आकडा तसाच धरून ठेवला होता. तिच्याकडून तो लिपिकाच्या तक्त्याने घेतला आणि तक्त्याकडून गोषवाऱ्याने. आकडा तीन ठिकाणी एकच असल्यामुळे तो खरा असलाच पाहिजे, असे सर्वांना वाटले, मलाही वाटले. वस्तुतः साक्षीदार एकच होता, आणि तोही आदल्या संध्याकाळपासून मुका झालेला होता.

या प्रसंगात लबाडी कोणीही केली नव्हती. आकडा एका आज्ञावलीकडून दुसरीकडे बिनचूक पोहोचला होता. त्याच्याबरोबर त्याची वेळ आणि त्याचा भरवसा मात्र पोहोचला नव्हता. आजच्या माझ्या बोलण्याचे सार एवढेच आहे, की आकडा पोहोचविणे निराळे आणि माहिती पोहोचविणे निराळे.

देखरेखीची उतरंड

ही व्यवस्था कशी असते, ते थोडक्यात सांगतो. सर्वांत खाली मोजमाप करणारी साधने असतात. पाण्याची पातळी, नळातील दाब, भट्टीचे तापमान, पंपाने ओढलेला विद्युतप्रवाह अशा गोष्टी ती मोजतात. त्यांच्यावर नियंत्रक असतो. त्यास कारखान्यात पी. एल. सी. म्हणतात. टाकी भरली की पंप थांबवावयाचा, दाब वाढला की झडप उघडावयाची, असे निर्णय तो स्वतःच घेतो. मोटारींच्या कारखान्यात रिलेंच्या जंजाळाऐवजी असे नियंत्रक बसविण्यास अमेरिकेत १९६९ च्या सुमारास आरंभ झाला.

नियंत्रकांच्या वर देखरेखीचा संगणक असतो. या व्यवस्थेस 'स्काडा' हे आद्याक्षरांचे नाव आहे. दूरवरची माहिती गोळा करणे आणि बसल्या जागेवरून देखरेख व नियंत्रण करणे, हे तिचे काम. मोजमापाच्या प्रत्येक बाबीस तेथे एक नाव दिलेले असते, त्यास 'टॅग' म्हणतात. लहानशा योजनेतही टॅगांची संख्या शेकड्यांत जाते आणि मोठ्या कारखान्यात ती हजारांवर असते.

आता हीच माहिती अनेकांस हवी असते. पडद्यावर चित्र काढणाऱ्या आज्ञावलीस ती हवी, धोक्याची सूचना देणाऱ्या आज्ञावलीस हवी, वर्षानुवर्षांच्या नोंदी साठविणारीस हवी आणि महिन्याचा अहवाल तयार करणाऱ्या तक्त्यासही हवी. या आज्ञावल्या बहुधा निरनिराळ्या कंपन्यांच्या असतात. नियंत्रकही निरनिराळ्या कंपन्यांचे, आणि प्रत्येकाची बोली वेगळी. मॉडबस नावाची एक बोली १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुष्कळांनी ती उचलली. तरी बाकीच्या बोली राहिल्याच.

यातून निर्माण होणारी अडचण साध्या हिशेबाने कळेल. समजा, पाच प्रकारचे नियंत्रक आहेत आणि त्यांची माहिती हवी असणाऱ्या चार आज्ञावल्या आहेत. प्रत्येक आज्ञावलीस प्रत्येक नियंत्रकासाठी स्वतंत्र दुभाषा लागला, तर पाच चोक वीस दुभाषे झाले. सर्वांनी एकच सामायिक बोली मान्य केली, तर प्रत्येकास त्या बोलीपुरता एकच दुभाषा पुरतो. म्हणजे पाच अधिक चार, एकूण नऊ. वीसांचे नऊ झाले एवढाच लाभ नाही. सहाव्या प्रकारचा नियंत्रक आला, तर पहिल्या पद्धतीत आणखी चार दुभाषे लागतात. दुसऱ्या पद्धतीत एकच पुरतो. हा वाढीव खर्च योजनेच्या अंदाजपत्रकात क्वचितच दिसतो. दुरुस्तीच्या बिलात तो पुढे अनेक वर्षे येत राहतो.

पहिला निरोप्या

सामायिक बोलीचा पहिला मोठा प्रयत्न कारखान्यांसाठी झालेलाच नव्हता. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९८७ मध्ये विंडोज प्रणालीची दुसरी आवृत्ती काढली, तिच्यात डायनॅमिक डेटा एक्स्चेंज, म्हणजे डी. डी. ई., नावाची सोय होती. कचेरीतील एका आज्ञावलीतील आकडा दुसरीत आपोआप यावा, हा तिचा हेतू. कारखान्यांतील देखरेखीच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांनी ती सोय आपल्या कामाकडे वळविली.

तिचा पत्ता लिहिण्याची रीत कचेरीत वावरणाऱ्या कोणासही समजेल अशी आहे. पत्त्याचे तीन भाग: आज्ञावली, विषय आणि बाब. आपण म्हणतो ना, अमुक कार्यालय, अमुक फाईल, अमुक पान, अगदी तसेच. निरोप मिळण्याच्या रीतीही तीन होत्या. पहिल्या रीतीत आकडा बदलला की तो आपण होऊन येत असे, जसे वर्तमानपत्र घरी येऊन पडते. दुसरीत 'आकडा बदलला आहे' एवढीच वर्दी येई, जशी टपालखात्याची चिठ्ठी येते की आपले पार्सल आले आहे, घेऊन जावे. तिसरीत आपणच जाऊन विचारावयाचे.

ही सोय एकाच संगणकापुरती होती. ती जाळ्यातील दुसऱ्या संगणकापर्यंत नेणारी 'नेट डी. डी. ई.' नावाची आज्ञावली वंडरवेअर या कंपनीने तयार केली. देखरेखीचे पडदे बनविणारी ही कंपनी. १९९२ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने ती आपल्या विंडोजमध्ये समाविष्ट केली. कारखान्याच्या गरजेतून निघालेली युक्ती अशा रीतीने कचेऱ्यांच्या संगणकांतही पोहोचली.

या निरोप्याने पुष्कळ काम केले. पण त्याच्या अंगी दोन उणिवा होत्या. हजारो टॅग असले की तो थकत असे. दुसरी उणीव अधिक गंभीर होती. तो आकडा आणून देई, परंतु तो केव्हाचा आहे आणि मापक शाबूत आहे की नाही, हे सांगण्याची त्याच्या रीतीत सोयच नव्हती. माझ्या त्या पाणीपुरवठा केंद्रातील लिपिकाचा तक्ता याच जुन्या पद्धतीने जोडलेला होता, असे मला मागाहून कळले.

नक्कल आणि मूळ नोंद

पुढची पायरी केवळ आकड्यांची नव्हती. एखादा आलेख, एखादे चित्र, एखादा संपूर्ण तक्ता एका आज्ञावलीतून दुसरीत न्यावा, आणि तो तेथेही जिवंत राहावा, अशी गरज उत्पन्न झाली. अशा पूर्ण वस्तूस संगणकाच्या परिभाषेत 'ऑब्जेक्ट' म्हणतात. त्यासाठी ओ. एल. ई. नावाची पद्धत निघाली. तिची सुधारलेली दुसरी आवृत्ती १९९३ मध्ये आली. या नावात दोन क्रिया आहेत, जोडणे आणि आत बसविणे. त्यांतील फरक मी सातबाराच्या उदाहरणाने सांगतो.

शेतकरी कर्जासाठी सातबाराचा उतारा काढतो आणि तो पतपेढीच्या फायलीत लावतो. ही झाली आत बसविलेली प्रत. ती फायलीतच राहते, कोठेही नेता येते, मूळ दप्तर नजरेआड असले तरी वाचता येते. परंतु पुढे फेरफार होऊन वारसांची नावे लागली, तरी फायलीतील उताऱ्यावर जुनेच नाव राहते. उलटपक्षी, फायलीत उतारा न लावता 'अमुक गावचा अमुक गट क्रमांक, मूळ नोंद पाहावी' एवढेच लिहिले, तर ती झाली जोडणी. पाहाल तेव्हा ताजी नोंद मिळेल. मात्र मूळ दप्तर बंद असेल, तर काहीच मिळणार नाही.

दोहोंपैकी कोणती पद्धत चांगली, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. महिनाअखेरच्या अहवालातील आलेख आत बसविलेलाच असला पाहिजे. त्या दिवशी काय होते याचा तो पुरावा आहे, आणि पुरावा मागाहून बदलता कामा नये. पंप चालविणाऱ्याच्या समोरचा आकडा मात्र जोडलेलाच हवा. घोटाळा होतो तो, आपण नक्कल पाहत आहोत की मूळ नोंद, हे पाहणाऱ्यास ठाऊक नसले म्हणजे.

वेळ आणि भरवसा

ओ. एल. ई. च्या पायावर कारखान्यांसाठी एक सामायिक प्रमाण ठरवावे, म्हणून १९९५ मध्ये काही कंपन्या एकत्र आल्या. फिशर-रोजमाउंट, रॉकवेल सॉफ्टवेअर, ऑप्टो २२, इंटेल्यूशन आणि इंट्युइटिव्ह टेक्नॉलॉजी ही त्यांची नावे. यांतील काही एकमेकींच्या स्पर्धक होत्या. तरीही १९९६ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या प्रयत्नातून पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. त्यास ओ. पी. सी. म्हणतात. त्याचा सांभाळ करण्यासाठी पुढे एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले.

नियंत्रकाशी त्याच्या बोलीत बोलून माहिती देणारी एक पुरवठादार आज्ञावली असावी, आणि माहिती घेणाऱ्या सर्व आज्ञावल्यांनी तिच्याकडे एकाच ठराविक पद्धतीने मागणी करावी, असा हा करार आहे. मघाच्या हिशेबातील वीस दुभाष्यांचे नऊ झाले, ते या कराराने.

मला स्वतःला या कराराचे मोल त्यातील एका कलमामुळे अधिक वाटते. या पद्धतीत कोणतेही मूल्य एकटे जात नाही. त्याच्याबरोबर दोन गोष्टी जातात. एक, त्या मूल्याची वेळ. दुसरी, त्याचा दर्जा: चांगला, अनिश्चित अथवा वाईट. तार तुटली, तर आकडा कदाचित तोच राहील. परंतु त्याच्या कपाळी 'वाईट' असा शिक्का बसेल आणि तो शिक्का आकड्याबरोबर पुढच्या प्रत्येक आज्ञावलीकडे जाईल. आम्ही बातमीच्या माथ्यावर गाव आणि तारीख लिहितो आणि 'विश्वसनीय सूत्रांकडून' की 'अद्याप दुजोरा नाही', हेही नमूद करतो. यंत्रांनीही तीच शिस्त पत्करली. अर्थात, पुढच्या आज्ञावलीने तो शिक्का वाचला पाहिजे आणि पाहणाऱ्यास दाखविला पाहिजे. आकडा लाल करावा, त्यावर फुली मारावी, काहीही करावे. परंतु शंकास्पद आकडा निःशंक आकड्यासारखा दिसता कामा नये.

सामान्यनाम आणि विशेषनाम

जुन्या ओ. पी. सी. पद्धतीची एक मर्यादा होती. ती मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीशी बांधलेली होती, आणि एका संगणकावरून दुसऱ्यावर माहिती नेताना परवानग्यांची जुळणी अतिशय किचकट होत असे. कित्येक ठिकाणी कंटाळून सर्वांनाच मोकळीक देण्यात आली. घराची कडी नीट लागत नाही म्हणून दारच उघडे ठेवावे, त्यातला हा प्रकार.

यावर उपाय म्हणून २००८ मध्ये ओ. पी. सी. यू. ए. हे नवे प्रमाण आले. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने ते ६२५४१ या क्रमांकाने स्वीकारले आहे. कोणत्याही संगणक प्रणालीवर ते चालते. ओळख पटविणे आणि मजकूर सांकेतिक लिपीत पाठविणे यांची सोय त्यात आरंभापासून आहे. वस्तूंची देवाणघेवाणही त्यात खऱ्या अर्थाने साधली आहे.

पूर्वी एका पंपाविषयी वीसपंचवीस सुटे टॅग असत: चालू की बंद, किती अँपिअर, किती तास चालला, बिघाड आहे काय. ते सर्व एकाच पंपाचे आहेत, हे फक्त आज्ञावली लिहिणाऱ्यास ठाऊक असे. तो नोकरी सोडून गेला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाई. नव्या पद्धतीत 'पंप' ही एक वस्तू म्हणूनच सांगता येते. तिचे गुण, तिला देता येणाऱ्या आज्ञा आणि तिच्याकडून येणाऱ्या धोक्याच्या सूचना एकत्र राहतात. मोजमापाचे एककही आकड्यास जोडून ठेवता येते. शिक्षक मंडळी येथे आहेत, म्हणून व्याकरणाची भाषा वापरतो. 'पंप' हे सामान्यनाम एकदा नीट सांगावयाचे. मग 'विहिरीवरचा पंप', 'टाकीखालचा पंप' ही विशेषनामे त्याच साच्यातून होतात. दुसऱ्या कंपनीच्या आज्ञावलीसही विचारता येते, 'तुझ्याकडे कोणत्या वस्तू आहेत आणि त्यांचे गुण कोणते?' आणि उत्तर मिळते.

आणखी एक लहानशी तरतूद मला फार मोलाची वाटते. आकडा बदलला तरच कळवावयाचे, असे ठरले असेल, तर शांततेचे दोन अर्थ होऊ शकतात: काही बदललेले नाही, अथवा सांगणारा राहिलेला नाही. म्हणून या पद्धतीत, कळविण्यासारखे काही नसले तरी, 'मी जागा आहे' असा निरोप ठराविक काळाने पाठविला जातो. गावात रात्री गस्तवाला आरोळी देत जातो, ती चोर आला म्हणून नव्हे. आरोळी थांबली की मगच लोक उठून बसतात.

शांततेचा चुकीचा अर्थ

अशा शांततेचा अर्थ चुकला तर काय होते, याचा मोठा दाखला १४ ऑगस्ट २००३ चा आहे. त्या दिवशी अमेरिकेचा ईशान्य व मध्य-पश्चिम भाग आणि कॅनडातील ऑन्टारिओ येथील वीज गेली. सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. दोन्ही देशांच्या संयुक्त चौकशी पथकाने एप्रिल २००४ मध्ये अंतिम अहवाल दिला.

त्या अहवालानुसार ओहायो राज्यातील फर्स्टएनर्जी या वीजकंपनीच्या नियंत्रण कक्षातील धोक्याची सूचना देणारी आज्ञावली दुपारी २ वाजून १४ मिनिटांनंतर ठप्प झाली. ती ठप्प झाली आहे, हे सांगणारे कोणीच नव्हते. सूचना येत नाहीत, त्या अर्थी सर्व ठीक आहे, अशी कक्षातील लोकांची समजूत झाली. तीननंतर एकामागून एक उच्चदाबाच्या वाहिन्या झाडांना लागून बंद पडत गेल्या. शेजारच्यांचे दूरध्वनी येत होते. परंतु समोरचा पडदा शांत असल्यामुळे त्यांवर वेळीच विश्वास बसला नाही.

त्याच दुपारी त्या विभागाच्या समन्वय केंद्रातही दुसरे एक न्यून होते. संपूर्ण जाळ्याची स्थिती गणिताने ताडून पाहणारी आज्ञावली तेथे होती. पण स्टुअर्ट-अटलांटा नावाची वाहिनी दुसऱ्या समन्वय केंद्राच्या देखरेखीखाली असल्याने तिची स्थिती या आज्ञावलीस आपोआप कळत नव्हती. ती वाहिनी २ वाजून २ मिनिटांनी बंद पडली; आज्ञावली मात्र ती चालू आहे असे धरूनच हिशेब करीत राहिली आणि तो जुळेना. जवळजवळ चार वाजेपर्यंत हीच अवस्था होती. चारनंतर काही मिनिटांतच जाळे कोसळले. झाडे वेळेवर तोडली नव्हती, हेही एक कारण होतेच. तथापि सावध होण्यास हाती असलेले दोन तास गेले, ते एका आज्ञावलीची माहिती दुसरीस न मिळाल्यामुळे आणि शांततेचा अर्थ चुकल्यामुळे.

हे आपल्यापासून दूरचे आहे, असे समजू नये. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारताचे विद्युतजाळे उर्वरित देशाशी एक झाले. आपल्या सोलापुराशी झालेल्या या जोडणीमुळे सर्व देश एकाच लयीत, सेकंदाला ५० आवर्तनांनी, चालतो. ऐरोली येथील राज्य भारप्रेषण केंद्र, मुंबईतील पश्चिम विभागीय केंद्र आणि दिल्लीतील राष्ट्रीय केंद्र यांना परस्परांची ताजी व भरवशाची माहिती अखंड मिळत राहणे, हे आता आपल्या घरातील दिव्याशी निगडित आहे.

वाचणे आणि हुकूम सोडणे

माहितीची वाट मोकळी केली की तिच्यावरून नको ते पाहुणेही येतात. १७ डिसेंबर २०१६ रोजी युक्रेनच्या कीव शहराजवळील वीज उपकेंद्रावर संगणकाद्वारे हल्ला झाला आणि शहराच्या काही भागातील वीज गेली. हल्ल्यासाठी बनविलेल्या आज्ञावलीचा अभ्यास झाला, तेव्हा तिला उपकेंद्रांत वापरल्या जाणाऱ्या अनेक प्रमाण बोली अवगत असल्याचे आढळले. त्यांत जुनी ओ. पी. सी. ही एक होती.

यावरून सामायिक बोलीच नको, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. रस्त्याने चोरही येतो म्हणून कोणी रस्ता उखडून टाकत नाही. घ्यावयाचा धडा असा, की वाचण्याची परवानगी आणि हुकूम सोडण्याची परवानगी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. अहवाल करणाऱ्या तक्त्यास टाकीची पातळी वाचता यावी. पंप बंद करण्याचा अधिकार त्यास असू नये. सातबारा पाहण्याचा हक्क सर्वांना असतो. त्यावर नोंद घालण्याचा अधिकार मात्र सर्वांना नसतो.

आपण काय विचारावे?

पंचायतीच्या सभासदाने या आज्ञावल्या लिहावयास शिकावे, अशी कोणाचीही अपेक्षा नाही. परंतु १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनपासून गावोगावी नळ योजना झाल्या आहेत, आणि पातळी, प्रवाह व दाब मोजणारी साधनेही अनेक योजनांत बसविली जात आहेत. योजना ताब्यात घेताना पाच प्रश्न अवश्य विचारावेत, अशी माझी नम्र सूचना आहे.

पहिला प्रश्न: या यंत्रणेची माहिती कोणत्या खुल्या प्रमाणानुसार बाहेर मिळेल? 'आमच्याच आज्ञावलीत मिळेल' हे उत्तर आले, तर पुढील सर्व वर्षांचा व्यवहार त्याच दुकानाशी करावा लागेल, हे ओळखावे.

दुसरा: प्रत्येक आकड्याबरोबर त्याची वेळ आणि दर्जा दिसतो काय?

तिसरा: टॅगांची संपूर्ण यादी, प्रत्येकाचे एकक आणि सर्व परवलीचे शब्द ग्रामपंचायतीच्या दप्तरी लेखी मिळाले काय? कंत्राट संपल्यावर ते मागण्यात अर्थ नसतो.

चौथा: वाचण्याचा अधिकार कोणाला आणि चालविण्याचा कोणाला?

पाचवा प्रश्न तोंडी विचारू नये, करून पाहावा. कंत्राटदारासमक्ष पातळीमापकाची तार काढावयास लावावी आणि सर्वांनी मिळून पडद्याकडे पाहावे. आकडा तसाच हसत उभा राहिला, तर योजना ताब्यात घेण्याची घाई करू नये. तो फिका पडला, लाल झाला, त्यावर फुली आली, तर यंत्राला आपले अज्ञान कबूल करता येते, असे समजावे. मग हीच परीक्षा कचेरीतील तक्त्यावर आणि वर जाणाऱ्या गोषवाऱ्यावरही घ्यावी. कारण बहुधा शिक्का पहिल्या पडद्यावर असतो आणि पुढच्या प्रवासात गळून पडतो.

शिक्षकांना एक विनंती. वरच्या वर्गातील मुलांना गावची नळ योजना दाखवावी. टाकीवरील पातळीचा आकडा वहीत उतरवून घेण्यास सांगावा आणि त्याच्यापुढे वेळ व 'कोणी पाहिले' हेही लिहावयास लावावे. पुढे हीच मुले कारखान्यांत, कचेऱ्यांत आणि नियंत्रण कक्षांत जातील, तेव्हा ही सवय त्यांच्या हाती असेल.

मित्रहो, त्या दिवशी मी माझ्या टिपणवहीतील ३.८ हा आकडा खोडला. त्याच्या जागी लिहिले, 'टाकी रिकामी. प्रत्यक्ष पाहणी, सकाळी ९ वाजून २० मिनिटे.' मग फाटकाशी गेलो. टँकर मागविला आहे, दुपारपर्यंत येईल, असे त्या बायांना सांगितले. त्यांतील एक वयस्क बाई म्हणाली, "आम्ही पहाटेपासून हेच सांगत होतो, पण आत कोणी विचारलं नाही."

आज्ञावल्यांनी एकमेकींस विचारावे, याची सोय आता झाली आहे. फाटकाशी उभे असलेल्यांना विचारण्याचे काम मात्र आपणांसच करावयाचे आहे.